किती पौंडांचा चाप?

रेमिंग्टन ७०० या अमेरिकन रायफलचा ट्रिगर दोन आडव्या पिनांवर टांगलेला असतो. दस्ता सोडवून लोखंडी भाग वेगळा केला आणि त्या दोन पिना ठोकून बाहेर काढल्या, की ट्रिगर त्याच्या डबीसकट हातात येतो. एवढ्या साध्या रचनेवर एक अख्खा धंदा उभा राहिला. ही रायफल १९६२ साली बाजारात आली आणि शिकाऱ्यांपासून सैन्यापर्यंत सगळीकडे पोचली. अमेरिकन मरीन दलाने १९६६ मध्ये घेतलेली एम-४० आणि लष्कराने १९८८ मध्ये घेतलेली एम-२४ या दोन्ही स्नायपर रायफली तिच्याच सांगाड्यावर बेतलेल्या. लाखो घरांत एकच रायफल असली की तिचे सुटे भाग करणारे आपोआप जमतात. आज तर इतर कंपन्याही आपल्या नव्या रायफली ७०० चे ट्रिगर बसतील अशाच मापाने काढतात. बोल्ट-ॲक्शन रायफलला बाहेरचा ट्रिगर निवडणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला म्हणूनच ७०० पासून सुरुवात करणं सोयीचं. त्यात गंमत अशी, की या रायफलचा मूळ ट्रिगर आपल्या काळातल्या कारखानी ट्रिगरांत फार वाखाणला गेला होता, आणि पुढे कोर्टाच्या पायऱ्याही त्यानेच सगळ्यात जास्त झिजवल्या.

दुकानात गेलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं: किती पौंडांचा? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर देण्याआधी डबीच्या आत काय घडतं ते पाहायला हवं.

बोल्ट मागेपुढे करून मूठ खाली दाबली, की फायरिंग पिनची स्प्रिंग आवळली जाते. ७०० मध्ये ही स्प्रिंग पिनला साधारण दहा-अकरा किलोच्या जोराने पुढे रेटत असते. तिला अडवून धरतो तो सिअर नावाचा पोलादी तुकडा, आणि सिअरला खालून टेकू असतो तो ट्रिगरचा. हा टेकू केवढा? अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. बोटाने चाप ओढला की तेवढं अंतर सरकतं, टेकू निसटतो, सिअर खाली बसतो आणि पिन सुटते. तिथून काडतुसाच्या बुडावर घाव बसेपर्यंत सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. ट्रिगरच्या जाहिरातींत जे शब्द पेरलेले असतात, ते सगळे या अर्ध्या मिलिमीटरभोवती फिरतात. टेकू सुटण्याआधी बोटाला जी फरफट जाणवते ती क्रीप. सुटल्यावर चाप उगाच मागे जातो ती ओव्हरट्रॅव्हल. आणि सुटण्याचा नेमका क्षण म्हणजे ब्रेक. अमेरिकन नेमबाज उत्तम ब्रेकला काचेची कांडी मोडल्याची उपमा देतात. वापरून वापरून ती गुळगुळीत झाली आहे, तरी चपखल आहे.

याचा नेमाशी संबंध सरळ आहे. शिकारीची रायफल भरते साडेतीन-चार किलो. एके काळी कारखान्यातून येणारे ट्रिगर सात-आठ पौंडांचे, म्हणजे तीन-साडेतीन किलोंचे असत. रायफलच्या वजनाएवढा जोर एका बोटाने लावायचा आणि तरीही रायफल हलू द्यायची नाही, अशी ती कसरत. जोर किंचित जरी आडवा गेला तरी नळीचं तोंड हलतं. खांद्यापासून मीटरभर अंतरावरचं ते तोंड अर्धा मिलिमीटर सरकलं, तर शंभर मीटरवर गोळी पाच सेंटिमीटर बाजूला पडते. मात्र विक्रेते एक गोष्ट पुसट ठेवतात. ट्रिगर बदलल्याने रायफल अधिक अचूक होत नाही; नळी तीच, काडतूस तेच. सुधारतो तो माणूस, आणि तोही आधी श्वास आणि बोट सांभाळायला शिकलेला असेल तरच. दर आठवड्याला पन्नास गोळ्या झाडून जे साधतं ते तीनशे डॉलरच्या ट्रिगरने साधत नाही.

कारखाने एवढे जड ट्रिगर का बसवत? कारण वकील. अमेरिकेत अपघातावरून कंपनीला कोर्टात खेचण्याचं प्रमाण वाढलं, तसे कारखाने वजन चढवत गेले आणि समायोजनाचे स्क्रू लाखेने बंद करत गेले. असल्या चापांना तिथले नेमबाज आजही कुत्सितपणे ‘वकिली ट्रिगर’ म्हणतात. बाहेरच्या ट्रिगरांचा धंदा मात्र त्याहून जुना. ॲलन टिम्नी यांनी १९४६ मध्ये तो सुरू केला. महायुद्ध संपलं होतं, माउझर ९८ आणि स्प्रिंगफील्ड १९०३ या लष्करी रायफली स्वस्तात मिळत होत्या आणि लोक त्यांच्या शिकारीच्या रायफली करून घेत होते. लष्करी चाप लांब, ढिला आणि दणकट. खंदकातल्या चिखलासाठी तो योग्यच, पण हरणावर नेम धरताना कंटाळवाणा. टिम्नींनी तिथे छोटा, नेमका सुटणारा ट्रिगर दिला. ती कंपनी आज ॲरिझोनातल्या फिनिक्सहून चालते.

आता ७०० चा मूळ ट्रिगर. तो घडवला मर्ल ‘माइक’ वॉकर या इंजिनिअरने. वॉकर स्वतः बेंचरेस्टचे नेमबाज. या खेळात रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवतात आणि पाच गोळ्या एकाच भोकातून जाव्यात असा हट्ट धरतात. .२२२ रेमिंग्टन हे काडतूसही त्यांचंच. अशा माणसाला फरफटणारा चाप खपणं शक्यच नव्हतं. त्यांनी ट्रिगर आणि सिअर यांच्यामध्ये कनेक्टर नावाची एक पातळ, कडक पट्टी घातली. ती ट्रिगरला जोडलेली नसते. स्प्रिंगच्या दाबाने नुसती त्याला चिकटून उभी असते. सिअरला टेकू देते ती या पट्टीची कड. चाप ओढला की पट्टी सिअरखालून सरकते, सिअर खाली येता येता तिला आणखी पुढे ढकलतो, आणि चाप मात्र आपल्या जागी थांबलेला असतो. म्हणून ओव्हरट्रॅव्हल जवळजवळ नाही आणि ब्रेक कोरा. १९४८ मध्ये मॉडेल ७२१ आणि ७२२ मध्ये हा ट्रिगर आला, १९५० मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि ७०० ने तो घराघरांत नेला.

पण याचा दुसरा अर्थ असा, की दर गोळीला ती पट्टी ट्रिगरपासून क्षणभर सुटी होते आणि दोघांमध्ये फट पडते. ती पुन्हा आपल्या जागी येण्याची हमी एका छोट्या स्प्रिंगवर सोडलेली. फटीत वाळूचा कण, धातूचा कीस किंवा वर्षानुवर्षांचं वाळून घट्ट झालेलं तेल अडकलं, तर पट्टी पूर्ण मागे येत नाही आणि सिअर तिच्या निसटत्या कडेवर उभा राहतो. यात सेफ्टीची भर पडते. या रचनेत सेफ्टी लावली की ती सिअरला वर उचलून धरते, चाप तसाच मोकळा. सेफ्टी काढली की सिअर पुन्हा खाली टेकायला येतो, आणि टेकायला खाली काही नसेल तर पिन सुटते. चापाला बोट न लावता रायफल उडते.

विक्रीआधीच्या चाचण्यांतच असे प्रकार दिसले होते, हे पुढे कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून बाहेर आलं. वॉकर यांनी स्वतः १९४८ मध्ये सेफ्टी लावली असताना चापही अडवून धरणारी सुधारणा सुचवली होती; खर्च रायफलमागे साडेपाच सेंट. ती तेव्हा झाली नाही. सीएनबीसी वाहिनीने २०१० मध्ये हे कागद दाखवले, तेव्हा वॉकर अठ्ठ्याण्णव वर्षांचे होते. कंपनीचं म्हणणं शेवटपर्यंत हेच राहिलं, की रायफल सुरक्षित आहे; अपघात होतात ते हयगयीने, घाणीने किंवा ट्रिगरशी केलेल्या खटपटींमुळे. त्यात काहीच तथ्य नव्हतं असंही नाही. पण १९८२ पर्यंतच्या ७०० मध्ये आणखी एक मेख होती. सेफ्टी लावली की बोल्ट अडकायचा, म्हणजे रायफल रिकामी करायची तरी आधी सेफ्टी काढायला लागायची. शिकारीहून परतल्यावर, माणसं आणि गाड्या आजूबाजूला असताना, नेमकी हीच क्रिया व्हायची. २००० साली मोंटाना राज्यात असंच घडलं. आईने रायफल रिकामी करायला सेफ्टी काढली, गोळी सुटली आणि घोड्यांच्या ट्रेलरपलीकडे उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाचा जीव गेला.

२००६ मध्ये कंपनीने कनेक्टर नसलेला एक्स-मार्क प्रो ट्रिगर आणला. २०१४ मध्ये तोही परत बोलवायला लागला, कारण जुळणी करताना वापरलेलं चिकट द्रव्य काही ट्रिगरांत जास्त झालं होतं. जुन्या ट्रिगरांवरच्या सामूहिक दाव्यात तडजोड झाली आणि २०१७ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. लाखो रायफलींचे ट्रिगर कंपनीने बदलून द्यायचे ठरले. रेमिंग्टन २०२० मध्ये दिवाळखोरीत मोडीत निघाली. तिच्या जागी आलेल्या रेमआर्म्सने ७०० अल्फा १ ही रायफल काढली, तेव्हा तिच्यात कारखान्यातूनच टिम्नीचा ट्रिगर बसवला.

ही सगळी कहाणी मी एवढी सविस्तर सांगितली, कारण ट्रिगर निवडणाऱ्याला ती कॅटलॉगपेक्षा जास्त शिकवते. वॉकरचा ट्रिगर ज्या पट्टीमुळे गोड वाटायचा, त्याच पट्टीमुळे तो घातक ठरू शकत होता. म्हणून नवा ट्रिगर पाहताना आधी विचारायचं, की सुटल्यानंतर तो पुन्हा आपल्या जागी येतो तो कशाच्या भरवशावर, आणि सेफ्टी लावली की नेमकं काय अडतं: चाप, सिअर की खुद्द पिन?

दुसऱ्या प्रश्नात रायफली-रायफलींत मोठा फरक आहे. विंचेस्टर मॉडेल ७० किंवा माउझर ९८ मध्ये सेफ्टी बोल्टच्या मागच्या टोकाला असते आणि ती पिनलाच धरते; विंचेस्टरचा ट्रिगर बदलला तरी ती जागची हलत नाही. ७०० मध्ये सेफ्टी ट्रिगरच्या डबीवरच असते. म्हणजे ७०० चा ट्रिगर बदलला की सेफ्टीही बदलली, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. स्पर्धेसाठीचे काही ट्रिगर तर सेफ्टीशिवायच मिळतात. टेबलावर, पंचांच्या हुकुमाखाली, एकेक काडतूस भरणाऱ्याला ते चालतं. डोंगर चढताना रायफल खांद्याला अडकवून फिरणाऱ्याने तसल्याकडे ढुंकूनही पाहू नये.

आता वजन. शिकारीसाठी अडीच ते साडेतीन पौंड, म्हणजे साधारण ११०० ते १६०० ग्रॅम, हा पट्टा वर्षानुवर्षं टिकून आहे आणि त्याला कारण आहे. थंडीत हातमोजे असतात, समोर जनावर आलं की छातीत धडधडतं, बोटाची जाणीव अर्धी होते. अशा वेळी पाव किलोचा चाप मनात येण्याआधीच सुटतो. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत लोक पौंड-दीड पौंडावर उतरतात. बेंचरेस्टवाले दोन औंसांवर, म्हणजे ५७ ग्रॅमवर नेमबाजी करतात. टेक्ससमधल्या आर्नल्ड ज्युएल यांच्या नावाचा ट्रिगर तर दीड औंसापर्यंत उतरवता येतो. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा बदलणाऱ्याने अडीच पौंडांच्या खाली जाऊच नये. चांगल्या बनावटीचा तीन पौंडांचा चाप वाईट बनावटीच्या दोन पौंडांच्या चापापेक्षा हलका वाटतो, कारण बोटाला खुपते ती फरफट.

फरफट कमी करायचे रस्ते मात्र वेगवेगळे आहेत. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात धोक्याचा रस्ता म्हणजे टेकूच कमी करायचा. अर्ध्या मिलिमीटरचा पाव केला की चाप रेशमासारखा सुटतो, आणि बोल्ट जोरात बंद केला तर आपणहूनही सुटतो. दुसरा रस्ता पृष्ठभाग घासून आरशासारखे करण्याचा. त्याला पोलाद आणि कारागीर दोन्ही चांगले लागतात. कॅनडातल्या ट्रिगरटेक कंपनीने तिसरा रस्ता धरला: सिअर आणि ट्रिगर यांच्यामध्ये मोकळा फिरणारा रोलर. पोलादावर पोलाद घसरण्याऐवजी गडगडतं, म्हणून टेकू पुरेसा ठेवूनही फरफट जाणवत नाही. ही कंपनी आधी क्रॉसबोचे ट्रिगर करायची. ऑस्ट्रियातल्या बिक्स अँड अँडीने त्यासाठी छोटी गोळी वापरली. ज्युएलसारख्या अति-नाजूक ट्रिगरांची किंमत वेगळीच: धूळ त्यांना सोसत नाही. बेंचरेस्टवाले त्यांत तेलाचा थेंबही सोडत नाहीत. लायटरमध्ये भरायचं इंधन आत ओतून ते धुतात आणि वाळू देतात. घरच्या कुठल्याही ट्रिगरमध्ये भसाभसा तेल फवारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही, कारण तेच तेल पुढे थिजून गोंद होतं.

हलकेपणा आणि भरवसा एकत्र साधायचा एक वेगळा प्रयत्न सॅव्हेज कंपनीने २००२ मध्ये केला. त्यांच्या ॲक्युट्रिगरमध्ये चापाच्या मधोमध एक पातळ पातं असतं. बोटाने ते दाबल्याशिवाय सिअर पूर्ण सुटू शकत नाही. धक्क्याने निसटलाच तर पात्याला अडतो आणि बोल्ट पुन्हा उचलायला लागतो. त्या जोरावर सॅव्हेजने कारखान्यातूनच दीड पौंडापर्यंत उतरणारा ट्रिगर विकला. वकील गप्प झाले, आणि बाकीच्या कारखान्यांना आपले वकिली ट्रिगर सोडावे लागले. आज नव्या रायफलसोबत येणारा ट्रिगर बऱ्याचदा इतका बरा असतो, की बदलायची गरजच नसते. आधी असलेला चाप मोजावा. डिजिटल मापकाने पाच-दहा वेळा ओढून सरासरी काढावी आणि आकड्यांत तफावत किती येते तेही पाहावं. दर वेळी तीन पौंड दाखवणारा चाप एकदा दोन, एकदा साडेतीन दाखवणाऱ्यापेक्षा कधीही बरा.

एकटप्पी घ्यावा की दोनटप्पी, यावर नेमबाज रात्र रात्र वाद घालतात. एकटप्पी चाप बोट टेकताच भिंतीसारखा उभा असतो आणि थेट सुटतो. दोनटप्पीत आधी हलकासा प्रवास, मग भिंत, मग सुटका. माउझर ९८ चा लष्करी चाप दोनटप्पीच होता आणि त्यात शहाणपण होतं: पहिला टप्पा ओढेपर्यंत सिअरचा टेकू खोल राहतो, म्हणून रायफल पडली, आपटली तरी निभावतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतल्या रायफली बहुतेक दोनटप्पी असतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं, त्यात चापाच्या किमान वजनाची अट नाही. शंभर ग्रॅमच्या आसपासचे चाप तिथे सर्रास दिसतात. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला मात्र किमान दीड किलोची अट आहे. खेळाचे नियम आधी वाचून मगच पैसे खर्चावेत, नाहीतर नवा ट्रिगर तपासणीच्या टेबलावरच बाद होतो. आपल्याकडे तर खरेदीआधीच कायदा आडवा येतो. अमेरिकेत ट्रिगर सुटा भाग म्हणून टपालाने घरी येतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने शस्त्राचे भागही शस्त्रातच धरले आहेत, त्यामुळे हा व्यवहार परवान्याच्या चौकटीतूनच करायचा.

चपटा चाप की वक्र, हा बराचसा आवडीचा भाग. चपट्यावर बोट थोडं खाली ठेवलं तर तरफ लांब होते आणि तेच वजन हलकं भासतं, एवढंच.

बसवताना त्रास येतो तो भलतीकडूनच. लाकडी दस्त्याची खाच मूळ डबीच्या मापाची असते. नव्या डबीला लाकूड घासलं तर सेफ्टीची दांडी अर्ध्यावर अडकते आणि पाहणाऱ्याला ती लागलेली वाटते. चपटा चाप गार्डच्या आतल्या कडेला टेकतो. सिअरची उंची किंचित वेगळी असली तर बोल्टची मूठ खाली दाबताना जड जाते. यातलं काहीही घरी कानशीने निस्तरू नये. बंदुकांचा जाणकार कारागीर तासाभरात करतो ते काम हौशी माणूस कायमचं बिघडवतो.

बसवून झालं की रिकाम्या रायफलवर चाचण्या. नळीत आणि मॅगझिनमध्ये काही नाही हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहून, बोल्ट पुन्हा पुन्हा जोरात बंद करायचा. पिन आवळलेलीच राहिली पाहिजे. सेफ्टी लावून चाप घट्ट ओढायचा, सोडायचा, मग चापाला हात न लावता सेफ्टी काढायची. वॉकरच्या ट्रिगरची दुखरी नस नेमकी इथे होती. दस्ता रबराच्या चटईवर आपटून पाहायचा. अमेरिकन उत्पादकांच्या सामी या संस्थेच्या मानकात याच्याच कडक आवृत्त्या आहेत: सेफ्टी काढून फूटभर उंचीवरून आणि सेफ्टी लावून चार फुटांवरून रायफल पाडून पाहतात. हे सगळं थंड रायफलवर पुन्हा एकदा, आणि चापाचं वजन बदलल्यावर दर वेळी नव्याने. यात एकदाही पिन सुटली, तर स्क्रू फिरवत बसायचं नाही. ट्रिगर उतरवायचा आणि बनवणाऱ्याकडे परत पाठवायचा.